फाटकावरचा पहारा

मी कॉलेजात होतो तेव्हा आमचं एनसीसीचं शिबिर बडनेऱ्याजवळच्या माळावर भरलं होतं. फाटकावर पहाऱ्याला मोर्शीकडचा माझा वर्गमित्र होता. स्वभावाने इतका भिडस्त, की कोणाला नाही म्हणताना त्यालाच घाम फुटायचा. आत यायचं तर परवलीचा शब्द सांगावा लागे. आमचे हवालदार तो रोज सकाळी बदलत आणि शब्द म्हणून आमच्या लाइनीवरचं एखादं स्टेशन ठरवत.

दुसऱ्याच दिवशी दूधवाला कॅन घेऊन थेट हवालदारांच्या तंबूत शिरला.

"तुला शब्द कोणी सांगितला?" हवालदारांनी विचारलं.

"कोनी नाही साहेब. मी एकेक टेसन म्हनत गेलो. चांदूर म्हटलं, तं पोरगं गप. धामणगाव म्हटलं, तरी गप. नुसतं 'मू' म्हटलं, तं मान हालवून राह्यलं. मंग मूर्तिजापूरच ना?"

हवालदारांनी मित्राला बोलावलं. "मान का हलवलीस?"

"सर, अर्धं बरोबर होतं. बिचारा इतका जवळ आलता."

"अर्धं बरोबर म्हणजे चूकच. समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यायचं, मग फक्त हो किंवा नाही. चेहरा दोन्ही वेळा सारखा. तीनदा चुकला की मी येईपर्यंत बाहेर बसवायचा."

मित्राने संध्याकाळभर आरशासमोर चेहरा घोटला. जेवायला बसला तेव्हा त्याला भाजी आवडली की नाही, तेही आम्हाला कळेना.

दुसऱ्या दिवशी आमचे भूगोलाचे प्राध्यापक, तेच शिबिराचे अधिकारी, अमरावतीला मुक्काम करून टांग्याने परतले. त्यांना आदल्या दिवशीचाच शब्द माहीत होता.

"मूर्तिजापूर."

"नाही सर."

"अरे, मी तुला शिकवतो!"

"हो सर. शब्द सांगा."

त्यांनी अकोला सांगून पाहिलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "निदान पहिलं अक्षर?"

"सांगता येत नाही सर."

मग बडनेराही चुकलं. सर बाभळीखाली जाऊन बसले. तिथे दूधवाला आधीच बसलेला होता. नव्या पद्धतीत त्याचाही निभाव लागला नव्हता. त्याने सरांना कॅनच्या झाकणातून दूध दिलं, ते त्यांनी मुकाट्याने घेतलं.

हवालदार आले, कडक सॅल्यूट ठोकला आणि दोघांनाही आत घेतलं. सर फाटकात थांबले. मित्राकडे बराच वेळ पाहून हवालदारांना म्हणाले, "याला शिबिर संपेपर्यंत इथेच ठेवा."

ही शाबासकी की शिक्षा, यावर आमच्या तंबूत वाद झाला. मित्राला विचारलं, तर तो म्हणाला, "मले काय मालूम. त्यायचा चेहराच काही सांगेना."