टाचेची रेघ कोणी पुसली?

आधी ठाण्याच्या रोझाबायचे नाव घेतो, मग घडले ते सांगतो. खाडीकडे उतरणाऱ्या वाटेवर या ख्रिस्ती विधवा बाईंची पावाची भट्टी आहे. परक्या गावी त्यांनी आसरा दिला नसता तर मी आज मास्तर नसतो... आणि हा अनुभवही मला आला नसता.

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. माणसांवर संशय मात्र फार – तो स्वभावच. मी बेळगावाकडचा. वडील गेले नि शाळा अर्ध्यावर सुटली. ठाण्याला कचेरीत नकाशे गिरवण्याचे काम मिळाले. हात बरा आहे म्हणून ड्रॉइंग मास्तरच्या परीक्षेला बसायचे ठरवले. शाळेत चित्रकला शिकवायची तर हे सर्टिफिकेट लागते. कल्याणच्या शाळेत एक जागा होती. पास झालो तर ती मिळणार, नाही तर जन्मभर दुसऱ्याच्या रेघा गिरवायच्या.

आता, कोळशाने काढलेले चित्र पुसायला पावाचा आतला मऊ भाग लागतो. रबराने सगळा काळा पसरतो. म्हणून मी रोझाबायच्या भट्टीवरचा पाव खिशात बाळगत असे. ज्यांच्या घरी राहात होतो त्यांचा भाचा दामू माझ्याच कचेरीत, त्याच परीक्षेला, त्याच जागेवर डोळा ठेवून. तो चिंधीने झटकून भागवी, पावाला बोट लावत नसे. एक दिवस त्याला माझ्या खिशातला पाव दिसला.

"पाव खाऊन बाटलेले ऐकले होते," तो भर पंगतीत म्हणाला, "पाव घासून बाटणारा हा पहिलाच."

सगळे हसले. त्याचे मामा हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझी वळकटी ओसरीवर होती.

"भट्टीमागची खोली रिकामी हाय," रोझाबाय म्हणाल्या. "भाडंबिडं राहू दे. पास झालास का आमच्या धन्याचं चित्र काढ. फोटू कवा काढलाच नाय. आता मना पण त्याचं तोंड नीट आठवत नाय."

त्या खोलीत उत्तरेच्या खिडकीशी मी प्लास्टरचे एक पाऊल मांडून रोज काढू लागलो. भट्टीचा उकाडा फार, म्हणून निजायला बाहेर पडवीत.

एका सकाळी पाहतो तो आदल्या दिवशीच्या चित्रातल्या काही रेघा पुसलेल्या. खाली जमिनीवर पावाचा काळा चुरा. दामूचेच काम, दुसरे कोण? खोलीला कुलूप घातले, किल्ली कमरेला बांधली. दोन दिवसांनी पुन्हा तेच. आणि मग लक्षात आले – पुसल्या होत्या त्या नेमक्या चुकलेल्या रेघा. बरोबर असलेल्या एकीलाही धक्का नव्हता.

दामू माझ्या चुका कशाला काढील? मग बाईंवर संशय गेला.

"मी?" त्या पीठ मळता मळता म्हणाल्या. "मना काय कलतं त्यातलं? पायाला पाच बोटं हायेत, येवढंच दिसलं बाबा."

कागदावर पिठाचा डागही नव्हता. आणखी एक – भट्टीच्या घरात मुंग्यांना तोटा नाही, पण त्या काळ्या चुऱ्याला कधी मुंगी लागली नाही.

परीक्षा मुंबईला झाली. तिथेही प्लास्टरचे पाऊलच. दामू शेजारच्या इझलपाशी. मधल्या सुट्टीत आम्हा सगळ्यांना बाहेर काढून दाराला कुलूप लावले. दामू सगळा वेळ नळावर माझ्या डोळ्यांसमोर होता. परत येऊन बघतो तर टाचेची रेघ नाही! इझलखाली काळा चुरा. माझा पाव खिशात, रुमालाच्या गाठीत जसाच्या तसा.

"माझ्या कागदाला हात लावलास?"

"त्या पावाच्या कागदाला?" दामू म्हणाला. "पुन्हा मुंज करावी लागेल मला."

रेघ परत ओढायला कोळसा उचलला आणि समोर पाहिले. उजेडात टाचेचा पांढरा रंग मागच्या पांढऱ्या भिंतीत मिसळून गेला होता. तिथे रेघ दिसतच नव्हती. टाच असते हे ठाऊक, म्हणून मी ती ओढली होती. पण बिनरेघेची टाच बघून परीक्षक नापास करतील तर? कल्याणची जागा जाईल... आणि पुसणारा कोण, कशासाठी पुसतो, हेही माहीत नाही.

कोळसा खाली ठेवला.

पास झालो. दामू राहिला. तो अजून म्हणतो, त्या बाईने काहीतरी केले. मला कधी वाटते दामूनेच केले – कसे, ते सांगता येत नाही.

कल्याणच्या बिऱ्हाडी मी मुद्दाम चुकीच्या रेघा ओढून, शेजारी पाव ठेवून पाहिले. सकाळी रेघा तशाच. पावाला मात्र मुंग्या.

रोझाबायच्या धन्याचे चित्र अजून काढलेले नाही. पण काढीन, हा माझा शब्द. त्याच खोलीत बसून, त्यांना आठवेल तसे, नाक असे, कपाळ असे, विचारत विचारत. चुकणार, हे नक्की. संध्याकाळी कागद तसाच ठेवीन, शेजारी ताजा पाव. आणि त्या दिवशी खोलीला कुलूप घालणार नाही.