धुतल्यावर काळा पडलेला डाग

"चार्ट तू धर. बोलेल ती." मॅडमनी सगळ्या वर्गासमोर माझ्या एप्रनकडं बोट केलं. "असा डाग घेऊन पाहुण्यांसमोर उभी राहशील? तुमच्या वस्तीत चालत असेल."

डाग केळीच्या चिकाचा. माझा बाप शाहपूरकडच्या मळ्यांत घड वाहतो. खांदा सोलवटतो म्हणून खाली फडकं घेतो. त्या पहाटे घाईत माझा एप्रनच उचलला. ध्यानात आल्यावर बिचाऱ्यानं स्वतः साबण लावून धुतला, घडी करून ठेवला. ओला चीक पाण्यासारखा दिसतो. वाळला की काळा पडतो, मग फाटेस्तोवर जात नाही. हे त्याला माहीत होतं. तरी घासत बसला होता.

बुऱ्हाणपूरच्या कॉलेजात मी एमएससीला. त्या दिवशी पाहुण्यांसमोर मांडायचा विषय मीच तयार केलेला: हार्मोनचा निरोप झेलणारा रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावर कसा पोचतो. आता मी खुंटीसारखी चार्ट धरून उभी, आणि शेजारी वर्गातली दुसरी पोरगी माझीच वाक्यं म्हणत होती. रिसेप्टर आत घडतो. त्याची घडी नीट बसली का, ते तिथंच तपासलं जातं. मग बारक्या पिशवीतून तो बाहेरच्या आवरणाकडं जातो.

पाहुण्या सरांनी एक आजार सांगितला. माणूस हंडाभर पाणी पितो, सगळं लघवीवाटे जातं. पाणी राखायला सांगणारं हार्मोन येतं, पण त्याचा रिसेप्टर मूत्रपिंडाच्या पेशीत आतच अडकलेला. मग त्यांनी विचारलं, हा अडकलेला रिसेप्टर निकामीच असतो ना? ती पोरगी म्हणाली, हो सर. मॅडमनी मान डोलावली.

मला राहवलं नाही. "नेहमी नाही सर. काही फक्त जरा वाकडे घडलेले असतात. बाहेर पोचले तर काम करतात. आतली तपासणीच त्यांना अडवते."

सर वळले. ही कोण, म्हणाले.

मॅडम हसल्या. "लॅबमध्ये मदतीला असते."

कानशिलं तापली माझी. पहिल्या वर्षी याच बाईंनी मला पाण्याची बाटली घरून आणायला सांगितली होती, एकटीला. तेव्हा मी मुकाट आणली. त्याची लाज मला त्या क्षणी वाटली, डागाची नाही. मी चार्ट टेबलावर ठेवला.

"मी इथली विद्यार्थिनी आहे. चार्ट माझा आहे. विषय माझा आहे."

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. सरांनी घड्याळ बघितलं. इंटर्नलला मॅडमनी मला काठावर पास केलं, त्या पोरीला पैकीच्या पैकी.

बाप म्हणाला, "बेटा, नवीन एप्रन घेऊ. कायले त्यांच्या डोयात खुपू द्याचं?" मी नको म्हटलं. तो भ्याला असेल. मीही भ्याले आहे.

उद्या तोंडी परीक्षा. समोर त्याच मॅडम. मी हाच एप्रन घालून जाणार. कुणाचा चार्ट धरणार नाही. बोलणार.