आग्रह न करणारी कंपनी

एचएसआर लेआउटमधली नोकरी मी केवळ चांगल्या वळणामुळे घालवली.

आमचं घराणं बेंगळुरात कधी आलं, हे आता कुणालाच सांगता येत नाही. मराठीत निम्मं कन्नड मिसळलं, पण एक रीत शाबूत राहिली. कुणी काही देऊ केलं, की आधी 'नको' म्हणायचं. समोरच्यानं आग्रह करायचा. आपण पुन्हा 'नको' म्हणायचं आणि मग नाइलाज झाल्यासारखं ताट पुढे करायचं. (पोटात कावळे ओरडत असले तरी!)

मी तेव्हा शहराबाहेर, लांब आनेकलच्या एका कारखान्यात हिशेब बघायचो. सकाळी निघताना लेक झोपलेली, जे. पी. नगरला घरी पोचावं तेव्हाही झोपलेली. एकदा तिनं शेजारणीला सांगितलं, "आमचे अप्पा रविवारी येतात." ते ऐकल्यापासून मला जवळची नोकरी हवी होती. अगदी मनापासून हवी होती.

त्यामानानं जवळच्या एचएसआरमधल्या एका आयटी कंपनीत मुलाखतीच्या सगळ्या फेऱ्या पार पडल्या आणि पगाराचं बोलायला एचआरच्या बाईंचा फोन आला. माझे वडील, अण्णा, शेजारी येऊन बसले. बाईंनी सांगितलेला आकडा ऐकून मी उभाच राहिलो. अण्णांनी शर्ट ओढून मला खाली बसवलं.

"लगेच हो म्हणू नकोस," ते कुजबुजले. "हावरट दिसतं. स्वल्प थांब."

मी म्हणालो, "नहीं मॅडम, इतने में मुश्किल है."

"यही फायनल है, सर. सोच लीजिए."

"झाला आग्रह सुरू," अण्णा खूश झाले. "अजून एकदा नको म्हण."

"नहीं मॅडम, रहने दीजिए."

"ओके सर, ऑल द बेस्ट." बाईंनी फोन ठेवला.

"आता बघ, परत करतील," अण्णा म्हणाले. आम्ही फोन मधे ठेवून चहा प्यायलो. मग जेवलो. दुसऱ्या दिवशीही फोन मुकाच. "सरी, असू दे, नेटवर्क नसेल त्यांच्याकडे," अण्णा म्हणाले. (आयटी कंपनीकडे!)

शेवटी मीच फोन लावला. "मॅडम, मेरा तो हाँ ही था."

"सर, आपने तो मना किया था. वो जगह भर गई."

बाईंना दया आली असावी. "एक और जगह है, सॅलरी वही. आपका नाम भेज दूँ?"

आता हे आठवलं, की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. कारण अण्णा तेव्हा घरातही नव्हते, आणि मी अगदी विनयानं म्हणालो, "नहीं नहीं मॅडम, मेरे लिए तकलीफ मत लीजिए."

बाईंनी घेतली नाही.