वन्सं चपला घालूनच आत आल्या

चमचा सोनीच्या ओठांना टेकलाच होता... आणि वन्सं चपला घालूनच आत आल्या.

मी आधी चपलाच बघितल्या. वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद, हॉस्पिटलात औषधांच्या खिडकीवर असतात, फार्मासिस्ट. घरी आल्या की चपला गॅलरीत काढणार, मोरीत हातपाय धुणार, साडी बदलणार, मगच माझ्या पोरीला हात लावणार. जग बुडालं तरी हा नेम मोडायच्या नाहीत. आणि त्या दिवशी भर दुपारी, अंगात पांढरा कोट, पायात चपला, सरळ आत... माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. चमच्याकडे बघत होत्या. माझं मनगट धरलं नि असा हिसका दिला, चमचा उडाला स्टोव्हच्या मागे, माझं कोपर लागून फळीवरची बाटली खाली पडली नि फुटली. सोनी किंचाळली. मी आपली "अहो वन्सं, काय झालं, काय झालं" करतेय तोवर त्या वळल्या पण आणि दारातून बाहेर.

मी पोरीला काखेत मारली नि धावले मागे. गॅलरी रिकामी. जिन्याच्या तोंडाशी आमच्या शेजारच्या तांबेवहिनी सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेल्या, जिना अडवूनच.

"वहिनी, वन्सं खाली गेल्या ना आत्ता?"

"कोण वन्सं? झोपेतून उठलीस काय गं? इथून मांजर पण गेलं नाही."

मी कठड्यावरून वाकून बघितलं, खाली पण कोणी नव्हतं.

हे बघा, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. माहेरी गावाला देवचार दिसला, हाक ऐकू आली, कायकाय सांगायचे लोक, मी तोंडावर पदर धरून हसायचे. तुमच्या मासिकातले अनुभव पण वाचायचे नि ह्यांना बोलायचे, काय फेकतात एकेक! आता माझ्यावरच आली म्हणून लिहितेय. शाळा सातवीपर्यंतच झाली माझी, चुका असतील तर सांभाळून घ्या, पण खोटं काही नाही ह्यात.

आम्ही घाटकोपरला राहतो, पश्चिमेला, डोंगरावरच्या चाळीत. एक खोली, मोरी, पोटमाळा. माणसं म्हणजे मी, हे, सासूबाई, सोनी आणि वन्सं. वन्संनी लग्न केलं नाही. ह्यांची मिल संपात बंद पडली ती पडलीच, तेव्हापासून घर वन्संच्या पगारावर चालतं. म्हणजे बोलायची सोय नाही. आमटी आळणी झाली तरी त्यांच्याकडे बघून मीठ मागायचं.

हॉस्पिटल मुलुंडला आहे, नाव लिहीत नाही. डोंगर उतरायचा, बस पकडायची, नुसतं जायलाच तासभर. मी गेलेय तिथे सोनीला घेऊन. वन्संचा दरारा बघण्यासारखा. खिडकीत त्या, मागे मोठमोठ्या बरण्या, बाहेर ही लाईन. तिथे बाटली आपली आपण घरून न्यायची, त्या मोजून औषध ओतून देतात. कोणी कसलीही बाटली पुढे केली की वन्सं ओरडणार, "ही धुतलीस काय दारू पिऊन तशीच आणलीस? जा, नळ तिकडे आहे!" लोक हसायचे पण ऐकायचे. मुलांच्या वॉर्डात मोठे डॉक्टर राउंडला निघाले की ह्यांना बोलावणार — ह्या औषधाबरोबर ते चालेल का, एवढ्याशा पोराला किती द्यायचं. बाई, मला अभिमान वाटायचा तेव्हा. खोटं कशाला बोलू.

तर वन्संची एक सवय होती. सगळ्या चाळीचं औषध त्या आणायच्या. सकाळी जाताना लोक रिकाम्या बाटल्या देणार, त्या पिशवीत टाकणार, घरी येताना भरून आणणार. चिठ्ठी नाही, नाव नाही, काही नाही. सगळं डोक्यात. "ही तांब्यांची, ही सावंतांच्या म्हातारीची, ही आपली." कधी चुकल्या नाहीत. म्हणून कोणी विचारत पण नव्हतं.

त्या वेळी सोनीला जुलाब लागलेले. वन्संनी आदल्या संध्याकाळी पांढरं मिक्श्चर आणलं. आणि तांबेवहिनींच्या लेकीला, नंदाला, खरूज झालेली, तिला अंगाला लावायचं औषध आणलं, ते पण पांढरंच. दोन्ही बाटल्या एकसारख्या. एक आमच्या फळीवर ठेवली, दुसरी तांब्यांकडे दिली.

रात्री सोनीचे जुलाब जरा थांबले म्हणून सासूबाई बोलल्या राहू दे. दुपारी परत सुरू झाले म्हणून मी बाटली उघडली. मला दाट वाटलं ते. वास घेतला, पण मला सर्दी, नाक चोंदलेलं. जरा थांबले. पण मागे एकदा मी विचारलेलं, वन्सं, हे गुलाबी का दिसतंय, तर सगळ्यांच्या पुढ्यात बोलल्या होत्या, "तू आता मला शिकव. उद्यापासून खिडकीवर तूच बस." म्हणून गप भरला चमचा.

पुढचं वर सांगितलंच.

मी गॅलरीतून परत आले तर सासूबाई पोटमाळ्यावरून उतरून फडक्याने सगळं पुसत होत्या. काचा सुपलीत, वर फिनेल ओतलेलं. वास बघायला पण काही राहिलं नाही.

"गो, पोरीचा औषध सांडलंस? हात काय तुझे लुळे पडलेत?"

"आई, वन्सं आलेल्या. त्यांनी हात धरला माझा."

"शालू? ह्या वेळाक? तुका वेड लागला काय गो?"

मी मनगट दाखवलं. बोटांचे जांभळे डाग होते त्यावर. वन्संची बोटं कायम जांभळी असतात, ते तोंड आल्यावर लावायचं जांभळं औषध असतं ना, त्याने. सासूबाईंनी बघितलं नि बोलल्या, तेच औषध तू रोज पोरीच्या तोंडात लावतेस, तुझ्याच हाताचं असेल. खरंय. लावते. पण स्वतःच्या मनगटाला स्वतःच्याच हाताने चार बोटं नि अंगठा कोण लावून घेईल हो?

वन्सं रोजच्यापेक्षा लवकर आल्या. धापा टाकत. डोंगर पळत चढलेल्या असणार. चपला गॅलरीत काढल्या की नाही ते मी बघितलं — नाही काढल्या. दारात उभ्या राहून पहिला शब्द काय तर,

"औषध दिलंस?"

"नाही."

"एक थेंब पण?"

"नाही वन्सं. सांडलं. तुम्हीच तर दुपारी..."

त्या खालीच बसल्या. उंबऱ्यावर. सासूबाई ओरडताहेत, उंबऱ्यावर कसली बसतेस तिन्हीसांजेला, तरी उठेनात. मग एकदम उठल्या, तांब्यांकडे गेल्या नि नंदाची बाटली घेऊन आल्या. "हे जुनं झालंय, उद्या ताजं आणते," असं सांगून. मोरीत ओतली, बाटली राखेने घासली. मी बघत उभी. माझ्याकडे पाठ करून, पाणी चालू ठेवून, हळूच बोलल्या,

"सुमन... दुपारी मी चपला काढल्या होत्या का गं?"

चपलांचं मी कोणाला सांगितलंच नव्हतं. सासूबाईंना पण नाही.

"नाही काढल्या," मी बोलले.

"हं." एवढंच. बाटली पालथी घातली नि साडी बदलायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी नंदा गॅलरीत खेळत होती. हातापायांवर पांढरी पुटं, भिंतीला चुना मारतात तशी, खाजवलं की भुकटी पडत होती. तांबेवहिनी बोलल्या, "या वेळचं औषध असलं कसं गं तुझ्या नणंदेचं? दर वेळी तेलकट असतं, आत जिरतं. हे बघ, खडू फासल्यासारखी झालीय पोर." मी नंदाचा हात धरून बघितला. सोनीला आधी द्यायचे ते मिक्श्चर माझ्या साडीवर सांडलं की असंच सुकायचं. अस्संच.

मला तेव्हाच कळलं. माझ्या फळीवर काय होतं ते कळलं. पुढे एका नर्सबाईंना सहज विचारलं, खरजेचं औषध लहान पोराच्या पोटात गेलं तर? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं. "फिट येईल, अजून काय. गेलं का?" "नाही हो, विचारलं आपलं."

पण आधी सोनीचंच झालं. दुसरं औषध येईपर्यंत जुलाब थांबेनात, डोळे आत गेले, टाळू खाली बसली. वन्संच्याच हॉस्पिटलात ठेवली, सलाईन लावलं. वाचली. वन्संनी रात्रंदिवस केलं तिचं, ते पण सांगते, खोटं नाही. वॉर्डात कोण काय देतंय, प्रत्येक बाटली स्वतः वाचून बघायच्या. दहादा वाचायच्या.

आणि घरी आल्यावर? घरी काय ठरलं माहितीय? सुमनने औषध सांडलं म्हणून पोर मरायला टेकली. सासूबाई चाळभर सांगत फिरल्या, आमची शालू होती म्हणून जगली, आई म्हणवणारीने मारलीच होती. हे पण बोलले, "तुला भास झाला तर झाला, वर ताईचं नाव कशाला घेतेस?"

मी सगळ्यांसमोर विचारलं मग. सहन होईना. बोलले, "वन्सं, सांगा ना तुम्ही. बाटल्या बदलल्या होत्या ना? तुम्ही आलेलात ना?"

वन्सं जेवत होत्या. घास खाली ठेवला नाही की काही नाही. बोलल्या, "त्या दुपारी मी खिडकीवर होते. बाहेर लाईन होती, विचार जा कोणालाही. आणि माझ्या हातून बाटली बदलत नाही."

"मग चपलांचं का विचारलंत मला?"

"कसल्या चपला?"

माझ्या डोळ्यांत बघून बोलल्या हो. कसल्या चपला! मी पण मग तोंड सोडलं. नको नको ते बोलले — पोटचं पोर नाही म्हणून काळजी नाही, नोकरी प्यारी, वांझोटी कुठली... बोलले खरी. ह्यांनी माझ्या थोबाडीत मारली. वन्सं उठल्या, हात धुतले. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. एकाच खोलीत, ताट वाढते मी त्यांना, पण शब्द नाही.

मला कळतं त्या का खोटं बोलल्या. कबूल केलं असतं तर नोकरी गेली असती, मग आम्ही सगळे खायचो काय? ज्या तोंडाने मी बोंबलते ते तोंडसुद्धा त्यांच्याच पगारावर चालतं. पण मग दुपारी आलं ते कोण? ज्या खिडकीतून हलल्या नाहीत, लाईनीतल्या माणसांनी बघितल्या, त्या माझ्या घरात माझा हात धरून कशा उभ्या राहिल्या? आणि कोणासाठी? माझ्या सोनीसाठी, की त्यांची चूक झाकायला? रात्री पडून हाच विचार. ज्या बाईने माझी पोर वाचवली तिनेच मला वेडी ठरवली. पाया पडू की शिव्या घालू, सांगा.

तेव्हापासून मला एक सवय लागलीय. सोनीला कुठलंही औषध द्यायचं असलं की दार उघडते, चमचा भरते नि दाराकडे तोंड करून उभी राहते. जरा वेळ वाट बघते. कोणी आलं नाही की देते. सासूबाई बोलतात, "बघा, हिचो खेळ सुरू झालो."

आता या आठवड्यात सोनीला खोकला धरलाय. छाती घरघरते, रात्रभर झोप नाही. बाहेरच्या डॉक्टरकडे नेऊया बोलले तर हे बोलले, घरात शिकलेलं माणूस असताना? काल वन्संनी बाटली आणली. माझ्या हातात दिली नाही, फळीवर ठेवली. आता नवीनच — बाटलीला कागद चिकटवलेला, त्यावर सोनीचं नाव, त्यांच्या अक्षरात. आणि भिंतीकडे बघून बोलल्या, "नीट बघून आणलंय." इतक्या महिन्यांत माझ्या कानावर पडलेलं तेवढंच.

आज दुपारी मी दार उघडलं. चमचा भरला. उभी राहिले. हात अवघडला, चमचा कलला, निम्मं औषध बोटांवर आलं, तरी उभी. कोणी आलं नाही. तांबेवहिनी बघून गेल्या, हसल्या.

पण कोणी आलं नाही म्हणजे औषध बरोबर आहे, असं कसं धरू मी? मी त्यांना जे बोलले त्यानंतर त्या कशाला येतील परत? एकदा आल्या, त्याचं मी काय केलं?

चमचा परत बाटलीत ओतला. बाटली फळीवर आहे. सोनी आता खोकून खोकून निळी होतेय नि मी हे लिहितेय, कारण घरात विचारायला कोणी नाही. तुम्ही माझ्या जागी असतात तर दिलं असतं का हो औषध? की दाराकडे बघत बसला असतात?