साताने गुणल्यावर सगळे नऊ

इंग्रज गेले, वऱ्हाड मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलं, तिथून महाराष्ट्रात आलं. पण आमचे अकोल्याचे भाऊजी १४२८५७ या आकड्यातून कधी बाहेर आले नाहीत. शाळेत गणित शिकवणाऱ्याला साऱ्या संख्या सारख्याच प्रिय असाव्यात, अशी आपली भाबडी समजूत. भाऊजी एकपत्नी होते आणि एकआकडीही. पैकी दुसऱ्या निष्ठेबद्दल ताईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, कधीच शंका नव्हती. पाहुण्याने पाण्याचा पेला तोंडाला लावायचा अवकाश, खिशातला खडू बाहेर. "दोननं गुण. २८५७१४. तिननं? ४२८५७१. पाय, हललं का कोणी? गोल तोच, फक्त सुरुवात बदलली!" पाहुणा बसची वेळ विचारू लागे. ताई चुलीपुढून म्हणे, "आकड्यानं पोट भरत असन तं मी सैपाक काहून करू?" त्यावर ते शांतपणे चारने गुणत.

हा आकडा जगाच्या काही कामाचा असेल असं आम्हाला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मग अमरावतीला आमच्या घरी धाकट्या बहिणीचं साक्षगंध झालं, म्हणजे साखरपुडा. अचलपूरहून मुलाकडचे सहा वडीलधारे आले होते आणि प्रत्येकाचा मान उरलेल्या पाचांपेक्षा मोठा होता. वाढप्याने मुलाच्या काकांपासून मीठ वाढायला घेतलं आणि मुलाचे मामा पानावरून उठले. "चाला रे, बस पकडू. इथं मामाले मानच नाई!" डोक्यावर टोपीही चढली. आमचे वडील हात जोडून उभे, धाकटी दाराआड रडत होती. सोयरीक मोडणार, आणि तीही चिमूटभर मिठावरून!

भाऊजींनी खडू काढला. मी डोळे मिटून घेतले. त्यांनी पाट गोल मांडायला लावले आणि प्रत्येकापुढे जमिनीवर एकेक आकडा लिहिला, मामांपुढे एक. "मीठ मामासायबापासून. दोननं गुणलं का चटणी, दोनवाल्यापासून. तिननं गुणलं का भाजी, चारवाल्यापासून. सहा जिन्नस, सहाही जण एकेकदा पयले. जागचं कोणी हलाचं नाई."

"आन् गोड?" मामा गुरगुरले.

"गोड सातवं. सातनं गुणलं का ९९९९९९. सारे नऊ, सारे सारखे. ते सहाही पानांवर एकदमच!"

मामा बसले. बुंदीचे लाडू सहा पानांवर एकाच वेळी पडले आणि धाकटीचं लग्न झालं. भाऊजींच्या मते तो आकड्याचा विजय होता. मामांना भूक लागली होती, असं माझं मत.

पुढे काही वर्षांनी भाऊजी गेले. तेरवीला जमलेल्या सहा वडीलधाऱ्यांनी दुःखातही मान तेवढा विसरू दिला नव्हता. वाढप कुणापासून, यावर कुजबुज सुरू झाली. ताई आतून आली. तिच्या हातात भाऊजींच्या कोटातला खडू होता.

"गोल बसा सारे. आकडे मले येतात," ती म्हणाली आणि न अडखळता पानांपुढे एक, चार, दोन, आठ, पाच, सात लिहीत गेली. जन्मभर तिनं ऐकलं नाही असंच आम्ही समजत होतो. या वेळी मी डोळे मिटून घेतले नाहीत.

गोडाची परात आली तेव्हा ती वाढप्यांना हळूच म्हणाली, "सातवं एकदमच वाढा. त्याह्यले तेच आवडे."