चढावर उतरायचं

"ओढ रं! तुझ्या बापानं ओढली, तुझ्या हाताला काय झालं?"

खासदार बोलला. परवा, माथेरानच्या चढाखाली, माझ्या हातरिक्षात पायावर पाय टाकून. भोवतीची टाळकी खिदळली. पुढचा दांडा माझ्या हातात. मागनं ढकलायला किसन आणि त्याचा भाऊ. मी एवढंच म्हणालो होतो, "साहेब, चढ हाय. उतरा."

हा नियम माझा नाय. त्याचाच हाय.

दिल्लीला जायच्या आधी हा खोपोलीला कारखान्यात कामगार होता. संघटना काढली, मार खाल्ला, जेलात गेला. मग आमच्याकडं वळला. कशेळ्याच्या वर आमची वाडी, गाडी येत नाय, तर चालत आला. अंगणात बसून नाचणीची भाकर खाल्ली. माझ्या बापाला 'दादा' म्हणाला. तोवर बापाला 'ए' सोडून कुणी हाक मारली नव्हती.

त्यानं हातरिक्षावाले गोळा केले, आमची संघटना बांधली. याच चढावर एका शेटला आडवा झाला. "खाली उतर! माणूस ओढतोय, घोडा नाय." शेट उतरला, धापा टाकत चालला. तवापास्नं ठरलं, सपाटीला बसा, चढावर उतरा. आजारी, म्हातारी, पोटुशी बाई सोडून सगळ्यांनी. बापाची छाती तोवर गेलेली, तरी खोकत खोकत हसून सांगायचा. मला वाटायचं, मोठं होऊन याच्यासारखंच व्हायचं. थूत् त्या वाटण्यावर!

"साहेबांना ओळखत नाय का रं?" एक चमचा गुरगुरला.

"ओळखतो. म्हणून तर उतरा म्हणतो."

खासदार हसला. "माझ्यामुळं भाकर खाता तुमी लोक."

आयला! भाकर यानं आमची खाल्लेली. डोकंच फिरलं माझं. आज हा बसून वर गेला, तर उद्या एक गिऱ्हाईक उतरायचं नाय. म्हणतील, तुमचा पुढारीच बसतो की. मग बापासारखी आमच्या सगळ्यांची छाती फुटणार.

चाकाला दगड लावला. दांडा खाली ठेवला.

"मी नाय ओढत."

तो उतरला नाय. किसनकडं नुसतं बोट केलं. किसननं दांडा उचलला, चमच्यांनी मागनं हात लावला. किसननं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाय. पोट त्याला हाय, तसं मलापण हाय. त्याच्यावरचा माझा राग अजून गेला नाय.

काल संघटनेचा निरोप आला. खासदारानं बांधलेलीच. साहेबांची माफी माग, नायतर दांड्याला हात लावायचा नाय.

माफी? हाड!

नका देऊ दांडा. उद्या सकाळी रिकाम्या हातानं जाणार आणि चढाखाली रस्त्यात आडवा उभा राहणार. बसलेल्याला उतरवणार. बसलेल्याला ओढणाऱ्याची वाट अडवणार, किसन असला तरी. आणि खासदार परत आला, तर सगळ्यात आधी त्याला खाली उतरवणार.