बारा ओळींची दुरुस्ती

मी अँटिव्हायरस बनवणाऱ्या कंपनीत काम करते, हे सांगायचीच मला हल्ली किळस येते. डहाणूत लोक कौतुकाने म्हणतात, "घरबसल्या एवढी मोठी नोकरी!" मी हसते आणि विषय चिकूच्या बहरावर नेते.

आमच्याच मालात भोक सापडलं होतं. अँटिव्हायरसचा ड्रायव्हर नावाचा एक तुकडा कॉम्प्युटरच्या अगदी आतल्या खोलीत बसतो. त्याला काहीही उघडता येतं, काहीही बंद करता येतं. व्हायरस पकडायचे तर तेवढा अधिकार लागतोच. पण आमचा ड्रायव्हर हुकूम कोण देतंय हे विचारतच नव्हता. कुठल्याही फालतू प्रोग्रॅमने हाक मारली की हा हात जोडून उभा. चाचणीच्या दिवसांत सोय म्हणून कुणीतरी ती विचारपूस काढली होती आणि परत घालायची राहिली. राहिली कसली, कुणाला पडलीच नव्हती. कुंपणच शेत खायला मोकळं, आणि वर आम्ही त्या कुंपणाची जाहिरात करत होतो.

बाहेरच्या एका अभ्यासकाने कळवलं तेव्हा काम माझ्याकडे आलं. आमचं घर धाकट्या डहाणूच्या बाजूला. खाडीवरून सुकत घातलेल्या बोंबलांचा वास येत होता आणि मी दोन दिवस तो कोड वाचत होते. त्या वासाने मला जन्मात कधी मळमळलं नाही, कोडने मळमळलं. दुरुस्ती झाली बारा ओळींची. हुकूम आला की आधी बघायचं, देणारा आपल्या घरचा आहे का. नसेल तर हाकलायचं. एवढंच.

पण अशी दुरुस्ती लागू व्हायला कॉम्प्युटर एकदा पूर्ण बंद करून सुरू करावा लागतो. मी पडद्यावर दिसेल अशी ठळक सूचना लिहिली. साहेबांनी ती काढून टाकली. म्हणाले, "गिऱ्हाईक घाबरतं. आपल्या दाराला कडी नव्हती, हे आपणच ओरडून सांगायचं का?" अपडेटच्या यादीत शब्द गेले, 'किरकोळ सुधारणा'. मी थोडं भांडले आणि गप्प बसले.

निदान आपल्या माणसांना तरी सांगावं म्हणून मी मावसबहिणीला फोन केला. ती तलासरीत सेवा केंद्र चालवते. पाड्यापाड्यांवरून लोक तिच्याकडे दाखल्यांचे अर्ज भरायला येतात. ते केंद्र मिळवायला तिने तहसील कचेरीत दोन वर्षं खेटे घातले होते. कॉम्प्युटरवर आमचंच अँटिव्हायरस, माझ्याच शब्दावर घेतलेलं.

"अपडेट कर आणि कॉम्प्युटर बंद करून चालू कर. आत्ता, मी फोनवर असतानाच."

"थांब हां, ताई." खट्, खट्. "झालं. बंद पण केला, चालू पण केला."

मी समाधानाने फोन ठेवला. कुठलं बटण दाबलंस, हे विचारलं नाही. उंटावरून शेळ्या हाकायची सवय मलाही लागली होतीच.

तिने फक्त स्क्रीन बंद केला होता. तिचा जुना डबा एकदा वीज गेल्यावर उठेचना, तेव्हा वापीहून आलेला कारागीर सांगून गेला होता, "बेन, आने बंध ना करता, पाछुं नहीं उठे." बंद केला तर परत उठणार नाही म्हटल्यावर तो डबा इन्व्हर्टरवर रात्रंदिवस चालू. संध्याकाळी स्क्रीन बंद, सकाळी स्क्रीन चालू. त्या दुकानांच्या ओळीतल्या झेरॉक्सवाल्याचं आणि फोटोवाल्याचंही तेच. त्यालाच सगळे 'कॉम्प्युटर बंद करणं' म्हणत.

महिन्याभरात कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून एक प्रोग्रॅम तिच्या डब्यात शिरला. त्याने आमच्या ड्रायव्हरला हुकूम सोडला, ड्रायव्हरने आमचंच अँटिव्हायरस झोपवलं, आणि तिच्या लॉगिनने रहिवासाच्या दाखल्यांचे खोटे अर्ज गेले. कचेरीने तिचं लॉगिन गोठवलं, चौकशी लावली आणि कंपनीकडे अहवाल मागितला.

साहेब म्हणाले, "तू तिकडचीच आहेस, तूच लिही."

मी सगळं लिहिलं. भोक कसं राहिलं, सूचना कशी काढली, तेही. परत आलं तेव्हा एवढंच उरलं होतं, की दोष आधीच दुरुस्त केला होता, परंतु वापरकर्त्याने कॉम्प्युटर पुन्हा सुरू न केल्याने दुरुस्ती लागू झाली नाही. एकही शब्द खोटा नव्हता, त्याचीच जास्त घाण वाटली. खाली नाव नको, फक्त तांत्रिक विभागाची सही हवी, असा निरोप होता. मी सही केली. नोकरी जाईल म्हणून केली, उगाच दुसरं कारण सांगत नाही. नंतर साबणाने हात धुतले, दोनदा, आणि त्या नाटकाचाही मला वीट आला.

चौकशीचे कागद आले तसं तिने मला बोलावलं. चारोटीला गाडी बदलून, विवळवेढ्यावरून मी तलासरीला पोचले. केंद्राचं शटर अर्धं खाली होतं. बाहेर पाड्यावरची दोन माणसं कागदाची पिशवी धरून बसली होती; उठा म्हटलं तरी उठत नव्हती. पोरीच्या दाखल्याची मुदत संपत आली होती आणि दुसरं केंद्र त्यांना माहीत नव्हतं.

"ताई, इंग्लिशमध्ये आहे. जरा मराठीत सांग ना," तिने अहवाल माझ्या हातात दिला.

मी वाचून सांगितलं. ते वाक्यसुद्धा.

तिचा चेहरा उतरला. "म्हणजे सगळं माझ्यावरच आलं? पण मी तर तू सांगितलंस तसंच केलं. तू फोनवर होतीस ना? कचेरीत येऊन एवढं सांगशील?"

मी अहवालाची घडी घालायला लागले. तिने कागद परत घेतला, शटरखालून येणाऱ्या उजेडात धरला आणि खालच्या रेघोट्यांवर बोट ठेवलं.

"ही सही कोणाची गं? त्यालाच जाऊन भेटू आपण दोघी."

"वाचता येत नाही," मी म्हणाले.